ऑडॅसिटीत स्वच्छ वाजणारे वाचन एक्सपोर्ट केल्यावर फाटते, कारण कोठे शोधावे?

प्रश्न : धडावाचक

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी दहावीच्या पुस्तकांतील धडे वाचतो आणि त्यांचे ध्वनिमुद्रण करतो. मुद्रण घरच्याच एका खोलीत, विंडोजच्या लॅपटॉपला यूएसबी माइक जोडून, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलीत होते. प्रत्येक धड्याच्या आरंभी तानपुऱ्याचा एक छोटा तुकडा असतो, त्यावर विषय, इयत्ता आणि धड्याचे नाव सांगितले जाते, मग तानपुरा हळूहळू विरत जातो आणि पुढे नुसते वाचन राहते.

अडचण अशी की, ऑडॅसिटीत प्रोजेक्ट उघडून ऐकला तर आरंभापासून शेवटपर्यंत आवाज स्वच्छ येतो, परंतु एक्सपोर्ट केलेली फाईल वाजवली की तानपुऱ्यावरच्या निवेदनात जोर आलेल्या प्रत्येक शब्दावर आवाज फाटतो. हे वेव्ह आणि एमपी३ या दोन्ही फायलींत सारखेच होते. पुढच्या नुसत्या वाचनात मात्र फाटणे नाही, तेथे वेगळेच काही घडते. एमपी३ फाईलमध्ये ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे पाण्यातून बोलल्यासारखी येतात आणि शब्दांच्या मागे एक बारीक किणकिण ऐकू येते. वेव्ह फाईलमध्ये ही किणकिण थोडी कमी आहे, पण नाही असे म्हणता येणार नाही.

आमची पद्धत सांगते, म्हणजे निदान करणे सोपे जाईल. पंख्याचा आवाज काढण्यासाठी नॉइज रिडक्शन दोनदा लावले जाते. नंतर वाचनाचा ट्रॅक नॉर्मलाइज करून त्याची कमाल पातळी उणे १ डेसिबलवर आणली जाते. तानपुऱ्याचा तुकडा तयार मिळालेला आहे आणि त्याची लहरही ट्रॅकमध्ये चांगली भरलेली दिसते. फाईल मोबाइलवर पाठवायची असल्यामुळे एमपी३ स्टिरिओमध्ये, ३२ केबीपीएसला (बिट रेट सेकंदाला ३२ किलोबिट) काढतो. मर्यादेबाहेर गेलेला आवाज लाल रेघेने दाखवणारे ‘शो क्लिपिंग’ चालू करून पाहिले, तर दोन्ही ट्रॅकवर एकही लाल रेघ दिसली नाही. हेडफोन बदलले, दुसऱ्या संगणकावर ऐकले, तरी फरक नाही. एका परिचितांच्या मते सॅम्पल रेट (दर सेकंदाला घेतलेल्या ध्वनीच्या नमुन्यांची संख्या) जुळत नसावा.

ज्यांना हे पुस्तक केवळ कानांनीच वाचायचे आहे, त्यांना इतिहासाच्या धड्यात ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गल्लत होत असल्याचे विद्यार्थ्यांनीच कळवले आहे, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

उत्तर : कानसेन

नमस्कार ताई. आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान निम्मे तेथेच झाले आहे. हे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत, त्यामुळे एकाच उपायाने दोन्ही जातील अशी अपेक्षा ठेवू नये. वेव्ह आणि एमपी३ दोन्हींत जे सारखे ऐकू येते, ते एमपी३च्या संकोचनामुळे झालेले नसते, त्याच्या आधीच घडलेले असते. म्हणून आधी फाटण्याकडे पाहू.

ऑडॅसिटी प्रोजेक्टच्या आत आवाज ३२ बिट फ्लोट या स्वरूपात ठेवते, आणि त्या स्वरूपात ० डेसिबलच्या, म्हणजे पूर्ण पातळीच्या, वर गेलेला आवाजही जसाच्या तसा सांभाळला जातो. १६ बिटच्या वेव्ह फाईलला ही मोकळीक नाही. तिच्यातला प्रत्येक नमुना उणे ३२,७६८ ते ३२,७६७ या दोन संख्यांच्या दरम्यानच असावा लागतो आणि त्यापलीकडचा भाग टोकाला छाटला जातो. लहरीचा माथा असा सपाट झाला की कानाला तीच खरखर लागते, जिला आपण आवाज फाटला असे म्हणतो.

आता प्रश्न उरतो तो लाल रेघा का दिसत नाहीत याचा. ‘शो क्लिपिंग’ प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे तपासते, एक्सपोर्ट मात्र सर्व ट्रॅकची बेरीज करून होतो. वाचनाची कमाल पातळी उणे १ डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या सुमारे ०.८९ पट, आणि तानपुऱ्याची उणे ३ धरली तर सुमारे ०.७१ पट. दोन्ही शिखरे एकाच क्षणी आली की बेरीज १.६० होते, म्हणजे मर्यादेच्या सुमारे ४ डेसिबल वर. दोन्ही ट्रॅक आपापल्या जागी निर्दोष आहेत, दोष त्यांच्या बेरजेत आहे. जोराच्या शब्दावरच आवाज फाटतो, कारण वाचनाचे शिखर तेथेच येते.

आणि प्रोजेक्टमध्ये ऐकताना ते का जाणवत नाही? आपला प्लेबॅकचा स्लायडर बहुधा डावीकडे ओढलेला असणार. तो स्लायडर स्पीकरकडे जाणारा आवाज आधीच कमी करतो, म्हणून बेरीज मर्यादेत राहते आणि कानाला स्वच्छ वाटते, परंतु एक्सपोर्टवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. खात्री करून घेण्यासाठी तो स्लायडर पूर्ण उजवीकडे न्यावा, लॅपटॉपचा आवाज विंडोजमधून कमी ठेवावा, तानपुऱ्याचा भाग वाजवावा आणि प्लेबॅक मीटरच्या टोकाला लाल खूण पेटते का ते पाहावे.

याहूनही स्पष्ट पुरावा हवा असेल तर दोन्ही ट्रॅक निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबावे. दोन्हींची बेरीज असलेला तिसरा ट्रॅक खाली तयार होतो आणि मूळ ट्रॅक तसेच राहतात. लाल रेघा त्या तिसऱ्या ट्रॅकवर दिसतील. तो ट्रॅक निवडून ॲम्प्लिफाय उघडले तर खिडकीत आपोआप एक उणे आकडा आलेला असतो, आणि आवाज मर्यादेच्या जितका वर गेला आहे तितकाच तो आकडा असतो. प्रोजेक्टची क्वालिटी ३२ बिट फ्लोटवरच असेल तर त्या जागी आवाज तितका खाली आणल्यावर काहीही हरवत नाही, छाटलेले वाटणारे माथे पूर्ण आकारात परत दिसतात. एकदा १६ बिटमध्ये एक्सपोर्ट झालेल्या फाईलवर मात्र हाच उपाय केला, तर सपाट माथे केवळ ठेंगणे होतात, खरखर तशीच राहते.

उत्तर : फेडर

कानसेन यांच्या निदानाशी मी सहमत आहे, केवळ दुरुस्ती कोठे करावी याबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. संपूर्ण बेरीज ४ डेसिबलने खाली आणली तर फाटणे थांबेल, पण तानपुरा वाचनाच्या जवळपास बरोबरीनेच वाजत राहील. आपले श्रोते मजकूर कानांनी वाचणारे आहेत, त्यांच्यासाठी हे योग्य नाही. वेब कन्टेन्ट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्समध्ये, बोलण्याच्या मागे वाजणारा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली असावा असा निकष आहे. तो सर्वांत कडक पातळीचा निकष आहे हे खरे, पण शैक्षणिक वाचनाला मी तोच लावतो.

हा निकष पाळला की फाटण्याचा प्रश्न वेगळा सोडवावाच लागत नाही. वाचन नॉर्मलाइज करताना उणे १ ऐवजी उणे ३ वर आणावे आणि निवेदनाच्या वेळी तानपुरा उणे २३च्या आसपास ठेवावा. तेव्हा बेरीज सर्वांत वाईट क्षणीही उणे २ डेसिबलच्या वर जात नाही. निवेदनाआधी तानपुरा एकटा वाजतो तेथे तो भरलेला ठेवायला हरकत नाही, पहिल्या शब्दाच्या अर्धा सेकंद आधी ट्रॅकची पातळी हाताने चढवता-उतरवता येणाऱ्या एन्व्हेलप टूलने तो खाली आणावा. ऑटो डक हा इफेक्टही हेच काम आपोआप करतो, परंतु वाक्यांमधल्या विरामात तानपुरा वरखाली होत राहतो आणि तो डोल मला ऐकवत नाही, म्हणून मी हातानेच करतो. बेरजेवर लिमिटर, म्हणजे शिखरे ठरावीक पातळीवर दाबून धरणारा इफेक्ट, लावा असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. लिमिटरने फाटणे थांबते, पण तानपुरा जसाचा तसा दाट राहतो आणि शब्दाचा जोर तेवढा दाबला जातो.

शिखराच्या वर थोडी जागा मोकळी सोडण्यामागे आणखी एक कारण आहे. एमपी३ बनवताना ध्वनीतील काही घटक टाकून दिले जातात, त्यामुळे परत उलगडलेली लहर मूळ लहरीशी तंतोतंत जुळत नाही आणि तिची शिखरे मूळ शिखरांपेक्षा वर जाऊ शकतात. ० डेसिबलला टेकवलेली वेव्ह फाईल निर्दोष असूनही तिची एमपी३ फाटते, ती यामुळेच. बिट रेट जितका कमी, तितका हा धोका अधिक.

सॅम्पल रेटचे कारण येथे लागू होत नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये ४४,१०० आणि ४८,००० हर्ट्झचे ट्रॅक असले तरी ऑडॅसिटी ते एकत्र करताना स्वतःच रूपांतर करते. सॅम्पल रेटची गफलत झाली असती तर आवाज फाटला नसता, सुमारे दीड अर्धस्वराने चढला किंवा उतरला असता आणि वाचनाचा वेगही बदलला असता.

उत्तर : वीतभर

मीही अशाच वाचनाचे काम करते, म्हणून दुसऱ्या दोषाबद्दल लिहिते. माझ्या मते ‘सात’ आणि ‘साठ’ यांची गल्लत या दुसऱ्या दोषातून होते आणि विद्यार्थ्यांचे खरे नुकसान तेथेच आहे.

‘स’, ‘श’, ‘ष’ हे उष्मे आणि ‘च’, ‘छ’ यांतील घर्षणाचा भाग ध्वनीच्या दृष्टीने गोंगाटासारखाच असतो. त्याला ठरावीक स्वर नसतो आणि त्याची शक्ती वरच्या कंप्रतांवर पसरलेली असते. पंख्याचा सरसराट आणि ‘स’ यांतला भेद संगणकाला नीट करता येत नाही, म्हणून नॉइज रिडक्शन जोराने लावले की पंख्याबरोबर ‘स’देखील कुरतडला जातो, आणि कुरतडून उरलेले तुटक ठिपके किणकिण होऊन ऐकू येतात. ‘ठ’मधला हवेचा झोतही असाच नाजूक असतो. तो गेला की ‘ठ’ आणि ‘त’ यांच्यात कानाला आधार फार थोडा उरतो. वेव्ह फाईलमध्येही किणकिण आहे असे आपण लिहिले आहे, त्यामुळे एमपी३कडे जाण्याआधीच हे घडलेले आहे हे उघड आहे.

नॉइज रिडक्शनच्या खिडकीत खाली ‘रिड्यूस’ आणि ‘रेसिड्यू’ असे दोन पर्याय असतात. ‘रेसिड्यू’ निवडून प्रिव्ह्यू ऐकला की जे काढून टाकले जाणार आहे तेवढेच ऐकू येते. त्यात केवळ पंखा ऐकू आला पाहिजे. ‘स’ची शिट्टी किंवा शब्दांचे तुकडे ऐकू येऊ लागले तर डेसिबलचा आकडा कमी करत जावा, आणि शब्द नाहीसे झाले की तेथे थांबावे. इफेक्ट एकदाच लावावा. पंखा थोडा ऐकू आला तरी चालेल, कान त्याला लवकर सरावतो, तुटक किणकिणीला मात्र सरावत नाही.

याहून चांगला उपाय मुद्रणाच्या वेळचा आहे. वाचताना पंखा बंद ठेवावा, माइक तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित तिरका ठेवावा. समोरासमोर ठेवला तर ‘भ’, ‘फ’, ‘प’ यांचा झोत थेट माइकच्या पडद्यावर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. जोराच्या शब्दावर मीटर उणे १२ ते उणे ६च्या दरम्यान राहील इतकीच पातळी ठेवावी. मीटर कमी दिसते म्हणून ती वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण मुद्रणाच्या क्षणीच छाटलेला माथा नंतर फ्लोटमध्येही परत मिळत नाही. टेबलाची धडधड आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण काढण्यासाठी हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक कंप्रतेखालचा आवाज कमी करणारी गाळणी, ८० हर्ट्झला लावला तर वाचनाला इजा होत नाही.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकच्या गुणधर्मांत ऑडिओ एन्हान्समेंट्स चालू असतील तर ती बंद करावीत. काही लॅपटॉपमध्ये त्यांतच गोंगाट कमी करण्याची सोय दडलेली असते, आणि मग आपल्या नकळत तीच कुरतड मुद्रणाआधी आणखी एकदा होते.

उत्तर : फेडर

वीतभर यांच्या लिखाणात एक भर घालतो. ३२ केबीपीएस हा आकडा बदलावा. जे उष्मे नॉइज रिडक्शनला कळत नाहीत, तेच एमपी३लाही सर्वांत महाग पडतात, कारण गोंगाटासारखा ध्वनी थोड्या बिटांत मांडता येत नाही. शिवाय केवळ तानपुरा स्टिरिओ आहे म्हणून संपूर्ण धडा स्टिरिओत जातो आणि आधीच तुटपुंजे बिट दोन वाहिन्यांत वाटले जातात. दोन्ही वाहिन्यांतला समान भाग एकत्र साठवणाऱ्या जॉइंट स्टिरिओत त्याची काही भरपाई होते, पूर्ण होत नाही. एक्सपोर्टच्या खिडकीत चॅनेल मोनो करावे आणि बिट रेट ६४ केबीपीएस ठेवावा. अशी फाईल मिनिटाला ४८० केबी होते, म्हणजे वीस मिनिटांचा धडा ९.६ एमबीत बसतो. आताच्या दुप्पट आकार आहे, पण मोबाइलवर पाठवण्यासाठी अवजड नाही. आणि प्रत्येक धड्याचा ऑडॅसिटी प्रोजेक्ट किंवा वेव्ह फाईल जपून ठेवावी, एमपी३ ही केवळ वाटपाची प्रत मानावी.

धडावाचक

सर्वांचे मनापासून आभार. प्लेबॅकचा स्लायडर खरोखरच मधोमध होता. तो पूर्ण उजवीकडे नेल्यावर प्रोजेक्टमध्येच आवाज फाटताना ऐकू आला आणि मीटरवर लाल खूण पेटली. बेरजेच्या ट्रॅकवर निवेदनभर लाल रेघा होत्या आणि ॲम्प्लिफायने उणे ४च्या जवळचा आकडा दाखवला. फेडर यांनी सांगितल्याप्रमाणे वाचन उणे ३ वर आणून निवेदनाखाली तानपुरा उतरवला, आणि नवी वेव्ह फाईल आरंभापासून स्वच्छ आली. ‘रेसिड्यू’ ऐकणे मात्र क्लेशदायक होते. पंख्याच्या मागून आख्खी वाक्ये कुजबुजल्यासारखी ऐकू येत होती. आता एकदाच आणि सौम्य मात्रेत लावून ६४ केबीपीएस मोनोमध्ये एक धडा काढला, तो विद्यार्थ्यांना ऐकवला, आणि त्यातल्या सर्व सनावळ्या त्यांनी अचूक सांगितल्या.

एक शंका उरते. आमच्या आधी हे काम करणाऱ्या ज्येष्ठ वाचकांचे काही धडे आमच्याकडे केवळ ३२ केबीपीएसच्या एमपी३ रूपातच आले आहेत, मूळ मुद्रण उपलब्ध नाही. त्यांतही आरंभी तोच फाटका तुकडा आहे. ते ऑडॅसिटीत उघडून सुधारता येतील का?

उत्तर : कानसेन

ऑडॅसिटीत उघडून पुन्हा एमपी३ काढू नये, कारण प्रत्येक फेरीत संकोचन नव्याने होते आणि आधीच क्षीण झालेले उष्मे आणखी झिजतात. ६४ केबीपीएसला काढले तरी गेलेले परत येत नाही, केवळ फाईल मोठी होते. क्लिप फिक्स हा इफेक्ट सपाट माथे अंदाजाने गोलाकार करतो, पण तो किरकोळ छाटणीपुरताच उपयोगी आहे. आपल्या निवेदनात जवळजवळ प्रत्येक जोराचा शब्द छाटलेला आहे, तेथे त्याच्याकडून फारसे होणार नाही.

त्याऐवजी फाटका आरंभ कापून नवा जोडावा. एमपी३डायरेक्टकट नावाची विनामूल्य आज्ञावली एमपी३ फाईल न उलगडता, तिच्या चौकटींच्या (फाईल ज्या छोट्या तुकड्यांची बनलेली असते त्यांच्या) सीमेवर कापते, आणि एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची असल्यामुळे दोन शब्दांमधल्या विरामात काप सहज बसतो. नवे निवेदन त्याच सॅम्पल रेटने, त्याच बिट रेटने आणि त्याच चॅनेल मांडणीत एमपी३ करून पुढे जोडावे, नाहीतर काही मोबाइल प्लेअर जोडाच्या जागी अडखळतात. पुढचे वाचन त्यामुळे जसे आहे तसेच राहील, अधिक बिघडणार नाही.

किणकिणीवर मात्र जोडकामाचा इलाज नाही. भाषेच्या धड्यांत संदर्भावरून शब्द कळतो, म्हणून ते तूर्त राहू द्यावेत. इतिहासाचे आणि भूगोलाचे, म्हणजे जेथे सनावळ्या आणि आकडे आहेत, ते धडे आधी पुन्हा वाचून घ्यावेत.